बाईंनी आईचं विचारलं

कुलकर्णी बाई मुलांना लांबून हाक मारत नसत. कुणाशी बोलायचं असलं की त्या उठून त्या मुलाजवळ जात, साडी सावरून खाली फरशीवर बसत आणि मग बोलत. मूल अडखळलं की म्हणत, "सावकाश सांग. मला कुठं जायचंय?" खरं तर त्यांना जायचं असे. जामखेडची एसटी चुकली की खर्ड्यापर्यंत पायी जावं लागे. पण तसं त्यांनी कधी भासू दिलं नाही.

मी दुसरीत असताना माझी आई विहिरीत सापडली. घरचे म्हणाले, पाय घसरला. गाव म्हणालं, उडी मारली. खरं काय ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही. वडील गप्प झाले आणि घर आत्याच्या हाती गेलं. तिनं आईच्या साड्या वाटून टाकल्या, लग्नातला फोटो चुलीत घातला आणि मला बजावलं, "आता तिचं नाव काढायचं न्हाई." मी नावच काय, काहीच बोलेनाशी झाले. शाळेत माझ्याशेजारी कुणी बसेना. मुलींना घरून तशी ताकीदच होती.

बाई रोज थोडा वेळ माझ्याजवळ येऊन बसत. काही विचारत नसत. मग एक दिवस 'माझी आई' या विषयावर बोलायची वेळ आली. एकेक जण उठून बोलू लागला. माझी पाळी आली तसा वर्ग माझ्याकडे वळून बघू लागला. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, तिला आई न्हाई. हिरीत पडली ती."

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. माझ्यापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मंगल, तुझी आई भाकरी कशी थापायची गं?"

बाई थांबल्या. शेवटी मी म्हटलं, "डाव्या हातानं."

"डाव्या हातानं? बघू बरं, आपल्याला जमतं का." बाईंनी हवेतच डाव्या हातानं भाकरी थापायला सुरुवात केली. हळूहळू सगळा वर्ग थापू लागला. ज्या आईचं नाव घरात घ्यायला बंदी होती, तिच्यासारख्या भाकऱ्या सगळी पोरं थापत होती. मी रडले. मग बोलत सुटले. आई शेळीला काय म्हणून हाक मारायची, वेणी घालताना कंगवा दातात कसा धरायची, सगळं.

त्यानंतर बाई मला रोज आईचं काहीतरी विचारत. हे आत्याला कळलं आणि ती तडक शाळेत आली. "बाई, पोरीला तिच्या आईचं काय इचारता? आमी इसरायला बगतोय, आन् तुमी उकरून काढता?"

"तुम्ही विसरा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण तिची आई आहे ती. तिला कशी विसरू देऊ?"

आत्यानं वडिलांना पुढं करून तक्रार केली. वर्ष संपायच्या आत बाईंची बदली कोपरगावकडे झाली. तक्रारीमुळे झाली की व्हायचीच होती, मला माहीत नाही. जाताना त्या मला भेटायला घरी आल्या. आत्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

पुढे मी नर्स झाले. नगरच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथंच गेल्या पावसाळ्यात बाई भरती झाल्या. पोटाचा कर्करोग, तोही पार पसरलेला. चेहरा इतका ओढला होता की नाव वाचलं नसतं तर मी ओळखलं नसतं. त्यांनी मात्र मी गावाचं नाव सांगताच मला ओळखलं. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "मंगल, खरं सांग. मी तुझी जखम चिघळवली का गं? तुझ्या आत्याचं बोलणं मनातून गेलंच नाही कधी."

इतकी वर्षं बाई हे घेऊन जगत होत्या. मी म्हटलं, "बाई, मला आईचा चेहरा आठवत नाही. घरात एक फोटो नाही. वर्गात तुम्ही माझ्याकडून जे बोलवून घेतलंत, तेवढीच आई माझ्याकडे उरलीय."

बाईंनी डोळे मिटले. "मग बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी त्या गेल्या. शेवटचे दिवस फार यातनांचे होते. मी जवळ होते, पण इंजेक्शन देण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

नंतर गावी गेले तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. बाई गेल्याचं मी सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी आत जायला वळले, तेव्हा तिनं मागून म्हटलं, "तुझी आई लई हसायची बग. त्येच खपलं न्हाई आमाला."