हरणाऱ्याचा कुकर

वाइड दिला की काका दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून उभे राहत आणि स्कोअररनं हात वर करेपर्यंत खाली आणत नसत. स्कोअरर मी होते. मी कधी कुणाच्या मुलाला पाणी देत असे, कधी चिवड्याचा डबा उघडत असे. तेवढा वेळ खेळ थांबे. बोलर वैतागे, आराकावा नदीच्या काठानं सायकलवरून जाणारे जपानी आजोबा खाली उतरून बघत, आणि काका पांढरा कोट, पांढरी टोपी घालून तसेच उभे.

"तू लिहिल्याशिवाय तो रन झालेला नाही," ते मला सांगत. "पंच नुसता बघतो. झालं काय, ते तुझ्या वहीत ठरतं."

काका आमचे कुणी नव्हते. मुंबईच्या एका बँकेनं त्यांना तोक्योला पाठवलं होतं आणि ते काकूंबरोबर फुनाबोरीत, माझ्या समोरच्या इमारतीत राहत. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली. तेव्हा दर महिन्याला आमच्यासारखे नवे लोक उतरत होते, आणि नवा माणूस दिसला की काका त्याला दोन गोष्टी शिकवत: कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा, आणि रविवारी मैदानावर किती वाजता यायचं. मला क्रिकेट खेळता येत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, "वही नीट ठेवता येते ना? ऑफिसात काय करतेस मग?" असं माणसाला कामाला लावणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. आपण नाही म्हणायच्या आत आपल्या हातात पेन्सिल असते.

आमचा पाच टीमचा गट होता आणि काका त्याचे सेक्रेटरी. मैदान वॉर्ड ऑफिसच्या सोडतीत मिळायचं. त्यासाठी दर महिन्याला काका टाय लावून जात. गुणतक्ता ते खालून वर वाचायचे. "खालून वाचा," म्हणायचे, "वरच्यांना सगळेच ओळखतात." सगळ्यात खाली नेहमी कावासाकी असे. कावासाकीची टीम म्हणजे माझ्या ऑफिसातली पोरं. एकेका फ्लॅटमध्ये चौघं राहणारी, बिनलग्नाची, कॉन्ट्रॅक्ट संपलं की अर्ध्या सीझनमध्ये परत जाणारी. त्यांचा कप्तान माझ्या समोरच्याच टेबलावर बसे. राहायला फुनाबोरी आणि नोकरीला कावासाकी, त्यामुळे मी हरले तरी कुठेतरी जिंकलेलीच असे.

दिवाळीच्या जवळच्या रविवारी फुनाबोरी आणि कावासाकीचा सामना ठरलेला. त्याचं बक्षीस दहा लिटरचा एक कुकर होता, एका बाजूची मूठ तुटलेला. कावासाकीच्या एका मुलाच्या आईनं तो विमानातून आणला होता. नियम काकांचा: जो हरेल त्यानं कुकर घरी न्यायचा आणि पुढच्या दिवाळीला त्यातून दोन्ही टीमना पुरेल इतकी खिचडी घेऊन यायची. कावासाकी दरवर्षी हरे, त्यामुळे कुकर कायम त्यांच्याकडे आणि जिंकून आम्हाला त्यांच्या हातची खिचडी खावी लागे. एका वर्षी ती इतकी करपली होती की कावळ्यांनीही तोंड फिरवलं. काका दोनदा वाढून घेत आणि "उत्तम" म्हणत. मग सगळ्यांकडून जळणारा कचरा आणि बाटल्या वेगळ्या करून घेत.

असं बक्षीस त्यांना कुठून सुचलं, ते मला उशिरा कळलं. एका रविवारी सकाळी मी वही द्यायला गेले, तर काका कॉम्प्युटरपुढे हेडफोन लावून बसलेले. समोर पोह्यांची बशी गार झालेली. काकूंनी मला खुणेनंच बसवलं. "अमेरिका चालू आहे," त्या म्हणाल्या.

तरुणपणी काका दोन वर्षं अमेरिकेत शिकले होते, मक्याच्या शेतांमधल्या एका गावात. तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे इकडची रविवारची सकाळ, आणि तेव्हा त्यांच्या कॉलेजचा फुटबॉल. लांबट चेंडूचा, हातात घेऊन पळायचा तो. पहिल्या वर्षी काकांशी कुणी बोलत नसे. ते एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या खोलीत राहत. नदीपलीकडच्या कॉलेजबरोबर वर्षाचा सामना होता, त्या दिवशी बाईंनी काकांच्या गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळला आणि त्यांना बरोबर नेलं. जिंकणाऱ्याला दुधाचा जुना कॅन मिळायचा. लोखंडी, गंजलेला. काकांना खेळातलं ओ की ठो कळलं नाही.

"शेजारच्या माणसानं आपलं पांघरूण माझ्याही पायांवर घातलं," काका म्हणाले. "आणि शेवटी म्हणाला, आपण हरलो. आपण म्हणाला तो. मी जाऊन दोन महिने झाले होते त्या गावात."

हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. मग ते पोहे खायला लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली, काकांच्या कॉलेजचं गुळगुळीत कागदाचं मासिक आलं. त्यात मोठ्या अक्षरांत आनंदाची बातमी होती की कॉलेज आपला जुना गट सोडून एका मोठ्या गटात जाणार.

"त्यात वाईट काय?" मी विचारलं.

"तिकडे कॉलेजांचे गट असतात. आठ-दहा शेजारी. दरवर्षी एकमेकांशी खेळायचं. सामने टीव्हीवर दिसतात, टीव्हीवाले गटाला पैसे देतात, गट ते वाटून घेतो. आता मोठ्या गटाला आणखी टीव्ही असलेली घरं हवीत. म्हणून ते आमचं कॉलेज उचलणार. नदीपलीकडच्यांना कोण विचारतो? आमची पोरं आता विमानानं दोन-दोन हजार मैल जाऊन खेळणार, आणि वीस मिनिटांवरच्या गावाशी खेळायला त्यांना वेळ नाही."

"आमच्याकडे ह्याला नोकरी बदलणं म्हणतात, काका."

"नोकरी बदललीस तर तू एकटी जातेस. इथे शंभर वर्षांचा शेजार मोडतो."

त्यांनी कॉलेजच्या अध्यक्षांना बँकेच्या इंग्रजीत तीन पानी पत्र लिहिलं आणि सवयीनं सहीखाली आपल्या नावाचा जपानी शिक्काही उमटवला. उत्तरात आभाराच्या दोन ओळी आल्या आणि नव्या स्टेडियममधल्या खुर्चीसाठी देणगीचा फॉर्म. काकांनी त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. "कामाला आला," म्हणाले.

दुसरी गोष्ट आमच्याकडेच घडली. घरी पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या एका कंपनीनं भारतीयांची नवी लीग काढायचं ठरवलं. सैतामामध्ये खरं गवताचं मैदान, रंगीत कपडे, आणि परदेशातल्या भारतीयांच्या टीव्हीवर दर आठवड्याला अर्धा तास. त्यांना फुनाबोरी हवी होती, कारण आमच्याकडे संसार होते, बायकामुलं होती, दर महिन्याला घरी पैसे पाठवणारी घरं होती. कावासाकीची सडी पोरं नको होती. अट एकच: सीझनभर बाहेर कुणाशी खेळायचं नाही. दिवाळीचा रविवार सीझनमध्येच येत होता.

कुमिनकानमध्ये, म्हणजे वॉर्डाच्या हॉलमध्ये, सभा झाली. आम्हाला वाटलं काका आता तासभर ऐकवणार. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवाळीचा रविवार मागितलात का?" आमचा कप्तान म्हणाला, मागितला, ते नाही म्हणाले. "बरं. मग हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. का, ते सांगते. मला टीव्हीवर दिसायचं होतं. माझी आई पुण्यात सगळ्या सोसायटीला बोलावून बसणार होती.

काकांनी आपल्या देखण्या अक्षरात ठराव लिहिला, खाली "विरुद्ध: एक" लिहिलं, आणि सामानाच्या पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. "पॅडच्या पट्ट्या बदलायला झाल्यात," म्हणाले. "बघा." कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. पुढच्या रविवारपासून ते तास-सव्वा तासाचा प्रवास करून कावासाकीच्या पोरांकडे जाऊ लागले. त्यांच्याशी खेळायला कुणी उरलं नव्हतं. आमच्यामागोमाग बाकीच्या तिन्ही टीम गेल्या आणि जुना गट बसला. तरी काका त्यांना दोन भागांत वाटून खेळवत आणि मधे कोट घालून उभे राहत.

सोमवारी ऑफिसात समोरच्या टेबलावरून कावासाकीच्या कप्तानानं मला फक्त विचारलं, "मग खिचडीचं काय करायचं?" मी स्क्रीनकडे बघत राहिले. मला स्वतःची लाज वाटली.

दिवाळीच्या रविवारी आम्ही सैतामामध्ये होतो. निळी टोपी, गवत, कॅमेरा, सगळं होतं. समोरच्या टीममध्ये कुणाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. सामना हरून आम्ही कपडे बदलत असताना माझ्या फोनवर काकांचा निरोप आला: "मैदान पाचपर्यंत आपलं आहे. खिचडी झाकून ठेवली आहे."

सोडतीत त्यांनी जुनं मैदान घेऊन ठेवलं होतं, दरवर्षीसारखं.

मी निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. मग कप्तानानं किटबॅग खांद्याला लावली. "पाच ओव्हर होतील," तो म्हणाला. सात जण निघालो, सहा खेळणारे आणि मी. तीन गाड्या बदलून पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. पोरं डब्यांभोवती बसली होती, जेवायची थांबलेली. काकांनी आम्हाला पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि स्टंपांकडे चालू लागले.

पाच-पाच ओव्हर. आमच्याकडे फिल्डर कमी, म्हणून त्यांच्यातलेच आम्हाला उसने दिले. कावासाकीचे अडतीस झाले. आमची बॅटिंग सुरू झाली तेव्हा नदीपलीकडचा उजेड कमी व्हायला लागला होता. आणि तिसऱ्या ओव्हरमध्ये माझ्या लक्षात आलं की आम्ही जिंकणार. जिंकलो की कुकर पुन्हा कावासाकीकडे. पुढच्या वर्षी ते खिचडी करतील, आणि आम्ही सैतामात असू. आम्हाला इथे परत आणणारं काही उरणार नाही. हरलो, तर मात्र खिचडी आम्हाला आणावीच लागेल.

तेवढ्यात काकांनी वाइड दिला. हात पसरून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी हात वर केला. त्यांनी हात खाली घेतले. मी लिहिलं नाही.

चौथ्या ओव्हरमध्ये आणखी एक. तेव्हाही मी हात वर केला, आणि तेव्हाही लिहिलं नाही.

शेवटच्या चेंडूआधी बॅट्समननं ओरडून विचारलं, "किती हवेत?"

"तीन," मी म्हणाले. खरं म्हणजे एक हवा होता. त्यानं एक काढला.

कावासाकीची पोरं पहिल्यांदाच जिंकली होती, त्यामुळे जिंकल्यावर काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं. ती नुसती एकमेकांकडे बघत राहिली. वही तपासणाऱ्या दुसऱ्या कुणाची आम्हाला कधी गरज पडली नव्हती. ते काम काकांचं. ते माझ्याजवळ येऊन बसले, चष्मा बदलला, आणि नेहमीसारखं पान खालून वर बोटानं वाचत गेले. चौथ्या ओव्हरवर बोट थांबलं. मग तिसऱ्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या आयुष्यात बँकेत एक आकडा इकडचा तिकडे होऊ न दिलेला माणूस.

"उजेड कमी झालाय," ते म्हणाले, आणि खिशातून शिक्का काढून बेरजेखाली उमटवला.

त्या दिवशीची खिचडी जरा कच्ची होती. काकांनी दोनदा घेतली. कुकर मी मांडीवर घेऊन घरी आणला.

मार्चमध्ये काका निवृत्त होऊन मुंबईला गेले. दिवाळीला आमच्या कप्तानानं लीगला कळवलं की त्या रविवारी आम्ही नाही. त्यांनी कारण विचारलं, तर ह्यानं सांगून टाकलं की खिचडी पोचवायची आहे. त्यांना काय समजलं कोण जाणे. ती लीग पुढे फार चालली नाही. टीव्हीवरचा अर्धा तास दुसऱ्या कुणी घेतला. आमचा दिवाळीचा सामना मात्र चालू राहिला, आणि कुकर तेव्हापासून दोन्हीकडे फिरतो. दरवर्षी दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन यायचा: "कुकर कुणाकडे?" निकाल ते कधी विचारत नसत.

एका वर्षी सप्टेंबरमध्ये काकूंचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या वहीबद्दल सगळ्यांना सांगायचे. म्हणायचे, असा स्कोअरर मिळायला भाग्य लागतं." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडले.

त्या दिवाळीला पंच म्हणून एक नवा मुलगा उभा होता, नुकताच पुण्याहून आलेला. काकांनी जाताना ठेवून दिलेला कोट त्याला मोठा होत होता. त्यानं वाइड दिला, हात पसरले आणि लगेच खाली घेतले.

"थांब," मी ओरडले. "मी अजून लिहिलेलं नाही."

तो गोंधळला. मग त्यानं पुन्हा दोन्ही हात पसरले आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. बोलर थांबला, सगळे थांबले. मी आधी लिहिलं. मग त्या पांढऱ्या कोटाकडे बघत बसले, आणि हात वर करायला जरा उशीर केला.