त्यांचे जुने, आमचे नवे कॉम्प्युटर

रेडिओ केंद्रात किस्से आणि धूळ सारख्याच वेगाने साचतात. धूळ निदान दिवाळीला झाडली तरी जाते! पुण्याजवळच्या मांजरी गावातलं आमचं केंद्र एवढंसं. सकाळी मराठी, दुपारी हिंदी, आणि माणसं पाच. मागच्या वर्षी एका आयटी कंपनीने त्यांचे वापरलेले कॉम्प्युटर आम्हाला दिले, आणि महिन्याभरात वर्षभराचे किस्से जमले.

*

कॉम्प्युटर बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला. आमचं मशीन बघून म्हणाला, "ओह, ही तर लेगसी सिस्टिम आहे!" म्हणजे कधीच कालबाह्य झालेली.

आपटे आमचे तंत्रज्ञ. टेलिफोन खात्यातून निवृत्त, शब्द काटकसरीने वापरणारे. म्हणाले, "आम्ही तिला कॉम्प्युटर म्हणतो."

इंजिनिअर बिचारा लगेच टेबलाखाली शिरून वायरी जोडू लागला. काम मात्र त्याने अगदी मन लावून केलं, हेही सांगायला हवं.

*

हिंदीच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर आतून मूठभर तांदूळ निघाले!

आमची हिंदी निवेदिका सुनंदा यवतमाळची. दर दसऱ्याला ती कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा करते. अक्षता वरच्या जाळीतून थेट आत.

"उगाच चालला का एवढी वर्षं?" सुनंदा म्हणाली.

"चालला नाही," आपटे म्हणाले. "शिजत होता."

*

हिंदीचा नवा कॉम्प्युटर सुरू झाला त्याच दुपारी शेजारच्या एका ऊसवाल्या काकांचा फोन. "ताई, रेडिओ बिघडला जणू. मागं घरघर येत न्हाई."

"काका, ती जुन्या पंख्याची घरघर होती. आता मशीन नवीन आहे."

"बरं हाय. पर करमंना."

फोन ठेवून मी खूप हसले. मग वाटलं, इतकं कान देऊन ऐकणारी माणसं मिळायला भाग्य लागतं.

*

मराठीची पाळी आली तेव्हा मात्र भास्कररावांची अडचण झाली. भास्करराव आमचे सकाळचे निवेदक. त्यांना जन्मापासून दिसत नाही. धायरीहून दोन बस बदलून एकटे येतात. गाणं लावणं, जाहिरात सोडणं, माइक उघडणं, सगळं कीबोर्डवर स्वतः करतात. नव्या कॉम्प्युटरवर सगळा कारभार माऊसचा!

"माऊस सुनंदा चालवेल, तुम्ही फक्त बोला," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"मग मी माझ्याच कार्यक्रमात पाहुणा," भास्करराव म्हणाले. त्यांनी आपट्यांना विचारलं, "बटणांवर काही करता येईल का हो?"

"कळवतो," आपटे म्हणाले.

पुण्यात 'कळवतो' म्हणजे विषय संपला. मला आपट्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा गाडीवर बांधायचा स्कार्फ मागितला. कशाला, ते सांगितलं नाही. चार दिवस मी तोंडावर धूळ घेत हडपसर ओलांडलं.

पाचव्या दिवशी कंपनीचे पाहुणे आले. मॅनेजरसाहेबांनी ऐटीत स्टुडिओचं दार उघडलं, तर आत आपटे! डोळ्यांवर माझा फुलाफुलांचा स्कार्फ करकचून बांधलेला, आणि बोटं कीबोर्डवर चाचपडताहेत.

"आपटे, हे काय?"

"टेस्टिंग."

सोमवारी भास्करराव नव्या कॉम्प्युटरसमोर बसले. माऊस काढून कपाटात ठेवलेला, त्याची सगळी कामं आपट्यांनी बटणांवर आणलेली. चार बटणांवर बोटाला लागतील असे डिंकाचे वाळलेले ठिपके. काचेपलीकडे आम्ही सगळे श्वास रोखून उभे. गाणं लागलं. जाहिरात सुटली. माइक उघडला. "नमस्कार मंडळी!" सुनंदा तर रडायलाच लागली. आपट्यांचे आभार कसे मानायचे ते मला आजही कळलेलं नाही.

कार्यक्रम संपवून भास्करराव बाहेर आले. "आपटे, बाकी उत्तम. तिसरा ठिपका तेवढा एक बटण अलीकडे घ्या. हाताला लांब पडतो."

"हो," आपटे म्हणाले. "मलाही सापडत नव्हता."