सहावं बोट

दोऱ्याचं टोक ओठांत धरतो तो शिंपी, एवढीच माझी समजूत होती. त्यामुळे जपानात कोबेहून सुटलेल्या मासेमारीच्या लाँचवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ गळाजवळचा हातभर दोरा डोळे मिटून ओठांमधून ओढताना दिसले, तेव्हा ते प्रार्थना करत असावेत असं मला वाटलं. मग त्यांनी डोळे उघडले, वीतभर तुकडा कापून खिशात टाकला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "चावली मेली!"

मी दचकलो. त्यांनी माझ्या बादलीकडे पाहिलं. "पुण्याचे का?"

"कसं ओळखलंत?"

"नव्या बादलीवर नाव लिहून आणलंय. समुद्रात कोण चोरणार आहे?"

हे चीफकाका. मूळचे वेंगुर्ल्याचे, व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनियर होते, लग्न करून कोबेला स्थायिक झाले. काकू गेल्यापासून चढावरच्या घरात एकटेच राहत. मी ओसाकातल्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. खिशात मापाचा कॅलिपर असतो, सुट्टीच्या दिवशीही. तो त्यांनी पाहिला आणि त्या दिवसापासून मी 'कॅलिपरसान', म्हणजे कॅलिपरराव, झालो.

आम्ही ज्या माशामागे जायचो त्याला जपानीत ताचिउओ म्हणतात. आपल्याकडची वाकटीच, पण चांगली थोराड. चांदीच्या पट्ट्यासारखं अंग आणि पात्यासारखे दात. इथे तिची लांबी कोणी विचारत नाही, रुंदी विचारतात, आणि तीही बोटांत. अंगावर हात आडवा ठेवायचा आणि मोजायचं. तीन बोटं म्हणजे साधी, चार म्हणजे चांगली, पाच म्हणजे 'ड्रॅगन'. सहा बोटांची काकांनी एकदाच पाहिली होती, दुसऱ्याच्या हातात. "ती मिळेपर्यंत हा समुद्र सोडायचा नाही," असं ते म्हणत.

या दातांमुळेच सगळा वाद होता. रिळावरचा दोरा बारीक असतो, दात लागला की संपला. म्हणून गळाच्या आधी दीड मीटरचा जाड तुकडा बांधतात. तो लीडर. तो कशाचा घ्यायचा यावर लाँचवर दोन पक्ष होते. तारेचा घेतला तर दातांची भीती नाही. पण तार ताठ असते, चकाकते, आणि मोठी वाकटी तिला बघून वळते, असं काकांचं ठाम मत. ते फ्लुओरोकार्बनचा जाड पारदर्शक दोरा वापरत. मी मोजला होता, ०.५७ मिलिमीटर. त्यांच्या शेजारी नेहमी बसणारे एक जपानी आजोबा कट्टर तारवाले. ते काकांना हसत, काका त्यांना हसत. "तारेला दात लागत नाहीत खरं," काका मला मराठीत सांगत, "पण मासा तरी कुठे लागतो?"

फ्लुओरोकार्बनला मात्र पहारा लागतो. दात ओझरता लागला तरी त्यावर केसाएवढी खाच पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढचा मोठा मासा तिथेच तोडून जातो. इंजिनरूममध्ये आयुष्य काढून काकांची बोटं राठ झाली होती, म्हणून ते ओठांनी तपासत. मासा लागो न लागो, गळ वर आला की दोरा ओठांतून गेलाच पाहिजे. खरखर लागली की काप, नवी गाठ मार.

मला हे उधळेपणाचं वाटायचं. मी वहीत नोंदी ठेवल्या आणि अकरा फेऱ्यांनंतर नियम काढला: चौथ्या माशाआधी माझा लीडर कधीच तुटलेला नाही, तेव्हा तीन मासे झाले की बदलावा. वही काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि विचारलं, "आणि ही वाकटीने वाचली आहे का?" त्याच दुपारी दुसऱ्याच माशाला माझा लीडर तुटला. काकांनी खिशातून कात्री काढून माझ्यापुढे धरली, एवढंच.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. घराच्या पायऱ्या चढवेनात. नागोयाला राहणाऱ्या मुलीने निक्षून सांगितलं, थंडीच्या आधी इकडे या. शरदातली एकच फेरी उरली होती. त्यात भर म्हणजे खालची दाढ काढताना नस दुखावली आणि खालचा ओठ बधिर झाला. लाँचवर त्यांनी दोरा ओठांतून ओढला, पुन्हा ओढला आणि माझ्याकडे दिला. "मला काही कळत नाही रे. तू बघ."

दिवसभर मीच बघत होतो. दुपारपर्यंत त्यांना चार बोटांच्या दोन मिळाल्या. मग सेंचोसानांनी, म्हणजे कप्तानांनी, भोंग्यावरून सांगितलं की आता शेवटची दहा मिनिटं, मोठे मासे ऐंशी मीटर खोलीवर आहेत. काकांनी गळ वर घेतला. आमिषाची तारली मासळी अर्धी गेलेली. मासा लागला नव्हता, लीडर नुकताच बांधलेला. वहीच्या नियमाने तो कोरा होता. तरी मी ओठांतून ओढला. वरच्या गाठीपासून दोन विती खाली काहीतरी टोचल्यासारखं झालं. पुन्हा ओढला. नक्की होतं.

"काका, खाच आहे. वरचाच भाग आहे, सगळा बदलावा लागेल."

आजूबाजूला सगळ्यांचे गळ पाण्यात होते. तारवाल्या आजोबांनी आपला तयार तारेचा लीडर पुढे केला. नुसता अडकवायचा, क्षणात काम. काकांनी वाकून आभार मानले आणि तो परत दिला.

"काका, वेळ नाहीये!"

"चाळीस वर्षं एका पक्षात काढली. शेवटच्या दहा मिनिटांसाठी पक्ष बदलू? काप, कॅलिपरसान."

मी कापला. गाठ पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा नीट बसली. गळ तळाकडे निघाला तेव्हा तीन मिनिटं उरली होती. काकांनी हाताने रीळ फिरवायला सुरुवात केली आणि सातव्या की आठव्या फेऱ्याला काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. सेंचोसानांनी वेळ संपल्याचं सांगितलंच नाही. सगळ्यांनी आपापले गळ वर घेतले आणि वाट मोकळी केली. काका मला शिव्या देत होते, माशाला देत होते, गुडघ्यांना देत होते. शेवटी जाळं घालून मासा वर घेतला तो तारवाल्या आजोबांनी.

काकांनी हात आडवा ठेवला. पाच बोटं पुरली, कडेला चांदी उरली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बघतोस काय? ठेव बोट!"

मी त्यांच्या करंगळीला लागून माझं बोट ठेवलं. बरोबर बसलं.

"सहा!" काका ओरडले, मराठीतच, आणि ते कोणाला समजावावं लागलं नाही. आजोबा तर त्यांच्या गळ्यातच पडले.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना नागोयाच्या गाडीत बसवून दिलं. कात्री त्यांनी मला दिली. आता मीही प्रत्येक वेळी दोरा ओठांतून ओढतो आणि नवे लोक मी प्रार्थना करतोय असं समजतात. कॅलिपर त्या दिवशी खिशातच होता, काढायचं सुचलं नाही. वहीत त्या माशाची रुंदी मिलिमीटरमध्ये नाही. तिथे लिहिलं आहे: पाच काकांची, एक माझं.