कमी दाबाचं काय घेऊन बसली!

उभी हयात मी पोरांना भूगोल शिकवला आणि माझ्याच घरात एक विद्यार्थी कायमचा नापास राहिला. तोही नवरा!

हे आमच्या गावच्या रिछाई भागातल्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांच्या लेखी दाब म्हणजे बॉयलरचा. वाढला तर धोका, कमी झाला तर चहा प्यायला मोकळे. त्यामुळे दिवाळीनंतर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते किनाऱ्याकडे सरकत असल्याची बातमी लागली, तेव्हा ह्यांनी आरामात पाय पसरले. विशाखापट्टणमला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीला फोनवर सांगितलं, "काही नाही होत बेटा. कमी दाबाचं काय घेऊन बसली!"

लेकीची भाड्याची खोली अगदी समुद्रासमोर, वरच्या मजल्यावर. मी घसा फोडून सांगून राहिले, की रायपूरला आत्याकडे निघ, गाड्या बंद व्हायच्या आत निघ. तर ही हसते! "आई, तुझं नेहमीचंच. बाबा म्हणून राहिले ना, काही नाही होत." लहानपणापासून बाप म्हणेल ती पूर्व दिशा. माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या तोंडून 'निघ' आल्याशिवाय ती हलणार नव्हती.

मी टीव्ही बंद केला. "अहो, नीट ऐका. समुद्र तापतो, त्याची वाफ आणि गरम हवा वर जाते, म्हणून खाली दाब कमी होतो. ती जागा भरायला चारी बाजूंनी वारा धावतो. पृथ्वी फिरून राहिली, म्हणून तो सरळ न येता वळतो, गोल गोल फिरतो."

"अच्छा. मग जागा भरली, की चलो, खतम."

"कुठची भरते! तो वाराही समुद्रावरून वाफ घेऊनच येतो आणि वरच जातो!"

"बॉयलर कधी कमी दाबानं फुटला काय?"

देवा! कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांच्या मनगटावरच्या भाजल्याच्या जुन्या डागाकडे लक्ष गेलं.

"हे कशानं भाजलं होतं?"

"वाफेनं. उकळत्या पाण्यापेक्षा बेकार चटका."

"काहून बेकार?"

"वाफेचं कातडीवर पाणी होते ना. होता होता सगळी आग तिथंच सोडते."

"तेच तर! वर आभाळात वाफेचं पाणी होतं, तेव्हा तीच आग सुटते. हवा अजून गरम होते, अजून वर जाते. खाली दाब अजून कमी, वारा अजून जोरात. थंड समुद्रात एवढी वाफ कुठली? म्हणून ही वादळं उष्ण कटिबंधातच जन्मतात."

ते पाय आवरून बसले. "मग विझते कसं?"

"जमिनीवर आलं, की खालचं समुद्राचं पाणी तुटतं. मग हळूहळू विझतं."

"म्हणजे किनाऱ्यापर्यंत भट्टी पूर्ण पेटलेली?"

"हो!"

"आणि पोरगी किनाऱ्यावर," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. "बेटा, बॅग भर. आत्ताच्या आत्ता निघ."

झालं! माझ्या घशाचं पार खोबरं झालं आणि ह्यांच्या एका वाक्यावर बाईसाहेब रायपूरला पोचल्या. वरून हे आमच्या अख्ख्या अधारताल मोहल्ल्यात सांगत फिरले, "मीच हलवलं तिला वेळेवर." माझं नाव कुठे नाही! त्या दिवशी मी दोन्ही वेळच्या भाजीत तिखट जास्त घातलं.

वादळ गेल्यावर घरमालकानं लेकीला खोलीचा फोटो पाठवला, तिनं आम्हाला. खिडकी चौकटीसकट उखडून पलंगावर पडली होती. उशीवर काचाच काचा.

हे फोटो बघतच राहिले.

"बापरे," ते म्हणाले, "किती दाब असेल!"

"कमी दाब हो! कमी दाब!" मी किंचाळले आणि मला रडूच कोसळलं.

"हो बाई, कमी," ते डोळे पुसत म्हणाले, "कमी, कमी."