बाबांची रानातली गाडी

आज सकाळी बाबांबरोबर आमच्या तालुक्याच्या गोरेगावात जुनी मोटरसायकल बघायला गेले होते. खरं सांगते, त्यांना ती घेऊच द्यायची नाही, असं ठरवून गेले होते. बहात्तर वर्षांचा माणूस सालेकशाच्या रानात मोहफुलं वेचायला जातो, याचीच मला धास्ती.

त्या रानात ते आजोबांबरोबर पायी शिकारीला जायचे. शिकार कधीच बंद झाली, पण रानाची ओढ सुटली नाही. त्यांचे नेहमीचे जोडीदार धनलालकाका मागच्या वर्षी वारले. आता गाडी घेऊन ते एकटेच जाणार होते.

दुकानदाराने उंच, दणकट गाडी पुढे केली. "बाबूजी, जंगल के लिए यही लो."

बाबा मला म्हणाले, "बस बाई."

मी बसले. पाय लोंबकळत राहिले. बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि मला दुसरीवर बसवलं, मग तिसरीवर. त्या बुटक्या, रंग उडालेल्या गाडीवर माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"हीच घेतो."

"चालवणार तुम्ही, मग मले काऊन बसवून राहिले?"

"रानात जोडीदाराबिगर जायचं नाही, तुया आजानं शिकवलं. म्या पडलो तं गाडी वापस कोन आनल?"

गाडी घेऊ नका म्हणायचं सोडून मीच दुकानदाराला किंमत विचारली.

संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा गिअर टाकला. मागे बसलेले बाबा ओरडत होते, "हळू वं! मोहाची टोपली आहे समज मले!"

तुमच्या घरच्यांनी कधी असं न विचारताच तुम्हाला जोडीदार करून घेतलंय का?