घशातल्या गाठी

माझ्या सासूबाईंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा मला आजही राग येतो. त्या बोटाने त्या डोणगावातल्या पोरांच्या घशातल्या गाठी दाबायच्या. टॉन्सिल हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्या घरात राज्य सासूबाईंचंच होतं.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. अंगात ताप, आणि थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. मी म्हटलं, मेहकरला डॉक्टरकडे नेते. सासूबाईंनी उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. बोटाला हळद-मीठ चोळलं आणि मला म्हणाल्या, "हात धर वो तिचे. घट्ट धर. गाठी फुटल्या का उद्या भाकर खाईन पोरगी."

मी धरले. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती, तरी धरले. पोरीला ओरडताही येत नव्हतं, ती नुसती माझ्याकडे बघत होती. थुंकीतून रक्त आलं तशा सासूबाई खूश झाल्या. "पाह्य, निंगाली घान!"

तिसऱ्या दिवशी गळा बाहेरून सुजला, पाणीही जाईना. तेव्हा कुठे नवऱ्याला कंठ फुटला. "ने बाप्पा डाक्टरकडं," म्हणाले. मी त्यांच्या परवानगीसाठी तीन दिवस थांबले होते, याची मला त्यांच्या गप्प बसण्यापेक्षाही जास्त चीड येते.

मेहकरच्या डॉक्टरांनी बॅटरी पेटवली. "आ कर, बाळ." पोरीने दात घट्ट आवळले. "उघड ना गं," म्हणत मी हात पुढे केला, तर तिने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.

डॉक्टरांनी ते पाहिलं.

"घशात बोट कुणी घातलं?"

"सासूबाईंनी."

"आणि हिला धरलं कुणी?"

मी पोरीचा फ्रॉक सारखा करायला लागले.

"तुम्ही बाहेर बसा."

मी तणतणतच बाहेर आले. बाकावर शेजारी कंपाउंडर औषधाच्या बाटलीला मात्रांची कागदी पट्टी चिकटवत होता. मोठे आले शहाणे, मी मनात म्हटलं, आईशिवाय पोर तोंड उघडणार आहे होय? आत्ता हाक मारतील. मी पदर सावरून उठायच्या तयारीतच बसले होते.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "आ कर." आणि लगेच तिचा, त्या सुजलेल्या घशातून निघालेला, लांबलचक "आ".