रंगाला दिलेलं अर्थिंग

२०१६ साली शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक स्विचबॉक्स बनवला होता. कॉम्प्युटर आणि सीडी प्लेअर दोन्ही त्याला जोडायचे आणि बटण फिरवून हवा तो आवाज ॲम्प्लिफायरला द्यायचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतूनबाहेरून निळा रंगवला, अर्थिंगची वायर स्क्रूने आवळली. तरी स्पीकरमधली घूं घूं थांबेना. कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता, म्हणून मी बोर्डीहून तलासरी गाठली.

रिपेअरिंगच्या दुकानात चाळिशीच्या एक बाई रेडिओ उघडून बसल्या होत्या.

"मिस्त्री कधी येणार?" मी विचारलं.

"आलेत. बोला," मान वर न करता त्या म्हणाल्या.

मी विज्ञान शिकवतो हे सांगितलं, आणि अर्थिंग म्हणजे काय तेही त्यांना समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डबा आपल्या ॲम्प्लिफायरला जोडून त्यावर बोट ठेवलं, तशी घूं घूं वाढली. त्यांनी स्क्रू काढला, पत्रा चमकेपर्यंत खालचा रंग खरवडला आणि वायर पुन्हा आवळली. दुकान एकदम शांत झालं.

"सर, तुम्ही अर्थिंग रंगाला दिलं होतं," त्या म्हणाल्या. "डब्याला द्यायचं राहिलं. पोरांना शिकवताना एवढं सांगा."

संमेलनात आवाज स्वच्छ लागला. मुख्याध्यापकांनी स्टेजवरून माझ्या हुशारीचं कौतुक केलं, मी उठून हात जोडले. त्या बाईंचं नाव घ्यावं असं क्षणभर वाटलं, पण ते मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी घेतलं असतं का, ते मला ठाऊक आहे.